नानांच्या प्रश्नाला उत्तर मिळालेलं नाही

माझ्या वडिलांनी शेवटची काही वर्षं मला मुलगी म्हणून ओळखलंच नाही.
ते मला "अध्यक्ष महाराज" म्हणायचे.

आज सकाळी सांगलीत, विश्रामबागच्या दवाखान्यात नाना गेले.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ते आमदारसाहेब म्हणून माहीत. म्हसवडच्या पलीकडच्या माळावरून पुन्हा पुन्हा विधानसभेत निवडून गेलेला माणूस.

एवढी वर्षं आमदारकी, पण विषय एकच. पाणी.

आई वैतागायची. "आवं, जेवताना तरी दुसरं काही बोला की!"
दुसरं काही त्यांना सुचायचंच नाही.

मग एकदाचा कालवा आला. नारळ फुटला तेव्हा नाना धोतराच्या सोग्याने डोळे पुसत होते. मी शेजारीच उभी होते.

पुढे आई गेली. नाना थकले. मी त्यांना सांगलीला माझ्याकडे आणलं.
हळूहळू सगळं विसरत गेले. नातवंडं विसरले, जेवण झालेलं विसरले.
सभागृह तेवढं डोक्यात राहिलं.

ताट वाढलं की उभे राहायचे.
"अध्यक्ष महाराज, माझ्या तालुक्यात बायाबापड्या हंडा घिऊन टँकरची वाट बघत्यात. शासन काय झोपलंय काय?"

"नाना, पाणी आलं. तुम्हीच आणलं," असं सांगितलं की भडकायचे.
"मंत्री महोदय सभागृहाची दिशाभूल करत्यात!"

मग मी पण तयार झाले. "सन्माननीय सदस्यांच्या भावना शासनाने लक्षात घेतल्या आहेत," असं गंभीर तोंड करून म्हणायचे. ते पुटपुटत खाली बसायचे, वरणभात कालवायचे.
घरात सगळे हसायचो. मग मी बाथरूममध्ये जाऊन रडायचे.

मला एकच हवं होतं हो. जायच्या आधी त्यांना कळावं, की आपण आयुष्यभर मागितलं ते मिळालं.

म्हणून एकदा गाडीत घालून कालव्यावर नेलं. पाणी तुडुंब वाहत होतं. दोन्ही अंगाला ऊस.
नानांनी काठापर्यंत जाऊन वाकून बघितलं.
"हे आपलं रान न्हाई."
"आपलंच आहे, नाना."
"आपल्यात ऊस? गप गं. चल घरला."

परतताना मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. इतका राग आला होता. त्यांचा नाही, त्या आजाराचा.

गेल्या महिन्यात सांगलीत जुन्या आमदारांचा सत्कार झाला. फेटा, शाल, श्रीफळ. भाषणात एक पुढारी म्हणाला, "नानांनी तालुक्याच्या शेवटच्या गावापर्यंत पाणी पोचवलं!"
टाळ्या.

नाना उठले. काठी टेकत सरळ माईकपाशी.
"अध्यक्ष महाराज, हे खोटं हाय. शेवटच्या गावाला पानी न्हाई."

सगळा हॉल हसला. प्रेमानेच हसला, पण हसला.
निवेदक म्हणाला, "नाना अजून फुल फॉर्मात आहेत!"
मी पळत स्टेजवर गेले आणि त्यांना हाताला धरून खाली आणलं. जीव नुसता तुटत होता.

बाहेर गाडीपाशी एक म्हातारे गृहस्थ थांबले होते. त्या शेवटच्या गावचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. त्यांनी वाकून नानांच्या पायाला हात लावला.

"ताई, त्यास्नी येडं समजू नगा. आमच्यात कालव्याची चारी नुसती खोदून ठिवलीया. पानी कवाच आलं न्हाई. वरच्या गावांच्या उसालाच संपतंय. आमाला अजून टँकरच हाय."

मी म्हटलं, "मग तुम्ही आजवर कुणाला बोलला का नाहीत?"

"कुनाला बोलायचं? बोलनारा ह्योच एक हुता."

घरी आल्यावर चहा पिताना नानांनी परत तोच प्रश्न विचारला. या वेळी मी भावना-बिवना काही लक्षात घेतल्या नाहीत. उभी राहिले आणि म्हटलं,
"सन्माननीय सदस्यांचं म्हणणं खरं आहे. शेवटच्या गावाला पाणी पोचलेलं नाही."

नानांनी चहाचा कप खाली ठेवला. मग अदबीने म्हणाले,
"तुमी कुठल्या मतदारसंघातनं आलाय?"
"तुमच्याच."
"मग खाली बसू नगा. उत्तर येईस्तवर उभं ऱ्हावा."

त्यानंतर ते फारसं बोललेच नाहीत.

सकाळपासून फोन थांबेनात. कार्यकर्त्यांनी बॅनर छापायला टाकलेत, डिझाइन मला पाठवलंय. फोटो छान आहे. त्याखाली "जलनायक" लिहिलंय.
तो शब्द काढा. हात जोडून सांगते.

अंत्यसंस्कार आज संध्याकाळी गावी, आमच्या मळ्यात.
भाषणं होणार हे मला माहीत आहे. आपल्याकडे सरणापाशीसुद्धा माईक लागतो.
बोला. जरूर बोला.
फक्त त्या शेवटच्या गावाचं नाव घ्या, आणि पाणी कधी सोडणार ते सगळ्यांसमोर सांगा.
नाही सांगितलंत तर मी मध्येच उठून विचारणार आहे. बापाच्या चितेसमोर पोरगी बोलते म्हणून कुणाला वाईट वाटलं तर वाटू दे.

नाना, तुम्हाला अखेरचा नमस्कार.