पिंप घासणाऱ्या बाई

आमच्या बाई कोणतीही हकीकत शेवटाकडून ऐकत. तापाने दगावलेल्या माणसाच्या घरी जाऊन मृत्यू कसा ओढवला हे नातेवाइकांकडून समजून घेणे, हे आमच्या संशोधन प्रकल्पाचे काम होते. आणि प्रकल्पाच्या प्रमुख असूनही बाई ते स्वतः करीत. समोरचा म्हणे, "गेला." बाई विचारीत, "त्याआधी?" "दवाखान्यात होता." "त्याआधी?" असे एकेक पाऊल मागे सरकत त्या आजाराच्या उंबरठ्यापर्यंत पोचत. कार्यालयात आम्ही त्यांना चोरून 'त्याआधी मॅडम' म्हणत असू. त्यांना ते ठाऊक होते, आणि फारसे नापसंतही नव्हते.

'अचानक' हा शब्द त्यांनी आमच्यापुरता बंद करून टाकला होता. "अचानक काही होत नाही. आपण उशिरा बघतो, इतकंच." सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी घेऊन मी नुकतीच रुजू झाले होते, परदेशी जाण्याआधी नावावर एखादा शोधनिबंध असावा, हा माझा बेत. बाईंची शिस्त मला आवडे, काही सवयी मात्र अगदी अशास्त्रीय वाटत. प्रत्येक घरात पुढे केलेले पाणी त्या पीत. मी पिशवीतून माझी बाटली काढली की डोळे वटारीत.

"ज्या घरचं पाणी तुला चालत नाही, त्या घरचा ताप तुला कोण सांगेल?"

"आणि पोट बिघडलं तर?"

"बिघडतं की. माझं कितीदा बिघडलंय."

आमच्या सोलापुरात नळाला पाणी चार-पाच दिवसांआड सुटते, म्हणून घरोघरी पिंपे, हंडे, बादल्या भरलेल्या. डेंग्यूच्या डासाला नेमके असेच सावलीत साठलेले स्वच्छ पाणी लागते. पिंप नुसते रिकामे करून भागत नाही. अंडी आतल्या कडेला चिकटून राहतात, कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने जिवंत असतात आणि पाण्याची वाट पाहतात. म्हणून पिंप आतून घासावे लागते. पूर्व भागातल्या तेलुगूभाषक विणकरांच्या एका गल्लीत मी हे समजावून, आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, असे सांगत होते. विड्या वळणारी एक आजी सुपावरून मान न उचलता म्हणाली, "आमच्यात चार दिवस कोरडेच असत्यात की. तू कुठल्या गावची गं?" बाई इतक्या हसल्या की मला त्यांचा रागच आला.

त्याच गल्लीत राजमणी राहते. तिचा दुसरीतला मुलगा डेंग्यूने गेला होता, म्हणून आम्ही तिच्याकडे गेलो. बोलतानाही तिची बोटे विड्या वळत होती. "ताप उतरला व्हता, मॅडम. अंग गार पडलं. वरण-भात मागितला त्यानं. मला वाटलं, सुटलो." डेंग्यूत ताप उतरतो तोच काळ घाताचा असतो, हे मला पाठ होते. बाईंनी त्या दिवशी पुढचा प्रश्न विचारलाच नाही.

मागच्या पडवीत एक निळे पिंप होते. मी आत टॉर्च मारला, तर तळाशी अळ्या वळवळत होत्या. त्या मुलाची धाकटी बहीण माझ्या कोपराखालून हात घालून त्यातच तांब्या बुडवत होती. राजमणी दारात येऊन उभी राहिली. तिने टॉर्च पाहिला, मग बाईंकडे पाहिले.

"ह्या पिंपातनं आलं का, मॅडम? खरं सांगा."

"नाही," बाई म्हणाल्या.

गल्लीच्या तोंडाशी येताच मी बाईंना अडवले. "बाई, डास कुठल्याही घरातून येऊ शकतो, मान्य. पण आपल्याला माहीत नाही. तुम्ही 'माहीत नाही' म्हणायला हवं होतं."

"ते तिच्या कानात 'हो' होऊन शिरलं असतं."

"आणि ती मुलगी? पिंपाचा दोष नाही म्हटल्यावर राजमणी ते घासणार कशाला?"

"मी घासेन," बाई म्हणाल्या, आणि रिक्षाला हात केला.

तेव्हापासून त्या गल्लीत पाणी सुटायचे असेल त्या दिवशी बाई पिशवीत ब्रश घालून निघत. प्रकल्पासाठी पिंप घासून पाहायचे आहे, असे त्यांनी राजमणीला सांगितले होते. गुडघे दुखत, तरी पिंप आडवे करून खांद्यापर्यंत हात आत घालीत. शेजारणी चेष्टा करीत, "राजमणीचं काय सोन्याचं हाय व्हय? आमचं बी घासा की." बाई त्यांना खडसावीत, "तुम्हाला हात आहेत ना? घासा आपापलं." बघता बघता सगळी गल्ली घासू लागली. राजमणीला मात्र त्यांनी एकदाही 'तू घास' म्हटले नाही.

घासताना त्या मुलाबद्दल विचारीत. शाळेत जायला रडायचा का? त्याआधी? पहिला शब्द कुठला, तेलुगू की मराठी? त्याआधी? ही माहिती प्रकल्पाच्या कुठल्याच रकान्यात बसणारी नव्हती. पिंपातून घुमत येणारा बाईंचा आवाज, राजमणीची संथ उत्तरे, आणि दर खेपेला थोडा लहान होत मागे मागे जाणारा तो मुलगा. मी पडवीत उभी राहून ऐकत असे. एकदा परतताना म्हटले, "एका पिंपाने साथीचा आलेख हलत नाही, बाई." त्या म्हणाल्या, "आलेखासाठी जातच नाही मी."

गेल्या उन्हाळ्यात बाई हृदयविकाराने गेल्या. मी त्यांच्यापुरतादेखील 'अचानक' हा शब्द वापरला नाही. छातीत दुखते हे त्यांनी आम्हाला कधी सांगितले नव्हते, आणि आम्ही उशिरा पाहिले. मला शिष्यवृत्ती मिळाली होती, जायचे दिवस जवळ आले होते. माझ्यामागे ते पिंप कोण घासणार? राजमणीला खरे सांगणे भाग होते. पाणी सुटायच्या दिवशी मी ब्रश घेऊन एकटीच गेले.

पिंप अंगणात उन्हात पालथे घातलेले होते. मी कड उचलून आत हात फिरवला. आतून करकरीत स्वच्छ होते.

"मॅडमचं कळलं," राजमणी म्हणाली. "बसा, ताई."

"राजमणी, बाई तुला त्या दिवशी 'नाही' म्हणाल्या होत्या, ते..."

"म्हाईत हाय." तिने मुलीला तेलुगूत हाक मारून माझ्यासाठी पाणी आणायला सांगितले. "पयल्या खेपेलाच कळलं. एवढी मोठी बाई उगंच कुणाचं पिंप घासायला येती व्हय?"

"मग बोलली का नाहीस कधी?"

"काय बोलू? मला वाईट वाटू नये म्हणून खोटं बोलल्या आन्‌ स्वतःच झुरत बसल्या. घासून झालं की तोंड जरा उजळायचं त्यांचं. मी म्हणलं, येऊ दे."

मुलीने तांब्या पुढे केला. मी पाणी प्याले. राजमणी पिंपाच्या पाठीवरून हात फिरवत होती.

"घासायची मीच, त्या यायच्या आदल्या दिवशी," ती म्हणाली. "मग तळाला थोडं पाणी वतून ठेवायची. त्यांना सांडायला काय तरी पायजे की."