रामरावाचं पहिल्या धारेचं तेल

कामरगावातली समदी माणसं बिनडोक आहेत, याबद्दल रामरावाला तिळमात्र शंका नव्हती. पूनमचंद शेठ पिठाच्या गिरणीचा मालक, पण इंजिनातलं त्याला ओ की ठो कळत नाही. उकंडराव दिवसभर विहिरीवर राबतो, तरी पंपाचा पट्टा धड चढवता येत नाही. आणि स्वतःची बायको पंचफुला? तिचं तर नावच काढू नका. एवढं डोकं घेऊन या गड्यानं वीस वर्षं केलं काय, तर नाल्याकाठी मोहाची दारू गाळली. ती मात्र चांगली गाळायचा, खोटं कशाला बोला.

चौऱ्याहत्तर साली डिझेल मिळेनासं झालं. गिरणी बंद पडली, तिचं इंजिन चालवणारा डायवर काम सोडून गेला, आणि बाया जात्यावर दळता दळता शेठजीचा उद्धार करू लागल्या. तेव्हा रामराव शेठजीकडे गेला. जुन्या टायरांचं तेल काढून गिरणी चालवतो, म्हणाला, चालली तर डायवरची जागा मला द्या. ही जागा त्याला जिवापाड हवी होती. गावात त्याला कोणी नावानं हाक मारत नसे, दारूवाला म्हणत. डायवर झाला की तोंडं बंद होणार होती.

"चालली तर जागा तुमची," शेठजी म्हणाले. "पण दारूचं भांडं माह्या गिरणीत आणू नका."

मग नवं पिंप आलं. ट्रकचे फाटके टायर तोडून त्यात कोंबले, झाकण मातीनं लिंपलं, नळी पाण्याच्या टाक्यातून फिरवली. खाली जाळ घालायला पंचफुला. धुरानं तिचे डोळे सुजले, लुगड्याचा वास जाता जाईना. हे महाशय बाजेवर बसून हुकूम सोडत.

आधी उतरलं ते पातळ, पिवळं तेल. काडी लावली तर भपकन पेटलं. दारूतही पहिली धार कडक, काडीनं पेटणारी, तीच महाग. रामराव खूश. शेवटी आलं ते काळं, जाड, काडीला दाद न देणारं.

"डिझेलबी काडीनं पेटत नाही," पंचफुला म्हणाली. "इंजिनात हेच टाकून पाहा ना."

"तुले काय समजते? पहिल्या धारेचा माल तो माल."

तेवढ्यात उकंडराव रिकामा डबा घेऊन आला. डिझेलविना त्याचा पंप बंद होता, संत्र्याची झाडं सुकत होती. रामरावानं काळ्या तेलाचा डबा पायानं त्याच्याकडे सरकवला.

"घेऊन जाय. गाडीच्या आसाले लाव."

तिसऱ्या दिवशी सकाळी गिरणीपुढे दळणाची रांग लागली. रामरावानं पहिल्या धारेचं तेल ओतलं आणि हँडल मारलं. इंजिन सुरू झालं खरं, पण आतून घणाचे घाव बसल्यासारखं वाजू लागलं.

"नवं तेल हाये, रुळू द्या," रामराव म्हणाला.

रुळतंय कसलं! दहा मिनिटांत मोठा आवाज झाला, इंजिनाचं हेड तडकलं आणि गिरणी थंड पडली.

"आमचा पंप त दोन दिवसांपासून चालून राह्यला," रांगेतून उकंडराव भोळेपणानं म्हणाला. "ते काळं तेल देल्लं होतं ना, धोतरातून गाळून टाकलं. धूर लय मारते, पण पाणी देते."

शेठजी शांत माणूस. "रामराव, मी अकोल्याहून नवं हेड आणतो," ते म्हणाले. "तुमी ते मागचं तेल काढून द्या. जागा तुमचीच."

नुसतं हो म्हणायचं होतं. पण अक्कल गहाण पडलेली.

"मागच्या धारेचं?" तो म्हणाला. "उकंडरावचं इंजिनच भंगार, म्हणून त्याले भंगार चालते. मी असला माल काढत नसतो."

रांगेत दळण घेऊन उभ्या असलेल्या पंचफुलानं डोक्यावरची टोपली खाली ठेवली.

"मी काढून देतो, शेठजी. जाळ मीच घालत होती, पिंपबी मीच उघडत होती. यायनं नुसत्या काड्या पेटवल्या."

कोणी हसलं नाही. शेठजींनी तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कधीपासून येता, पंचफुलाबाई?"

"उद्यापासून. पण यायले पिंपाजवळ येऊ देऊ नका."

हे ती नवऱ्यासमोरच म्हणाली, त्याच्याकडे न बघता.