स्वतःपुरती जमीन

कॅनडातल्या मिसिसागाच्या बसमध्ये रोज माझ्या शेजारी एक वसईकर बाई बसायची. कानात वायर घालून इंडोनेशियन शब्द मोठ्याने घोकायची. लोक वळून बघत, तिला फिकीर नसे. एकदा ती इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावर फिरायला गेली होती. आता तिथल्याच एका आडगावात सगळी शिल्लक घालून, प्रवाशांसाठी खोल्या बांधून, कायमची राहायला निघाली होती.

"परक्यांच्या नावावर तिथे जमीन होत नाही," मी बजावलं.

"पंचवीस वर्षांच्या लीजवर घेतलीय, बाय. मी साठीची. मला पुरून उरेल."

"मुलांना काय राहील?"

"कमावती आहेत. सुट्टीत यावं, भाडं देऊन राहावं."

स्वतःला पुरेल एवढंच घेणारी आपल्याकडची बाई मी पहिल्यांदाच पाहत होते.