आदर्श दूध उत्पादकाची म्हैस

दार उघडणाऱ्या माणसाने साडी नेसली होती. भरघोस मिशी, कपाळाला अष्टगंध, पायात रबरी चप्पल आणि शर्ट-पँटवरच गुंडाळलेली फिकट जांभळी सहावारी. पदर डोक्यावरून घेतला होता आणि तो सारखा घसरत होता. मी पशुवैद्यकीच्या शेवटच्या टप्प्यातली इंटर्न. साडेचार वर्षांच्या शिक्षणात अशा प्रसंगी काय बोलावं ते कुणी शिकवलं नव्हतं, म्हणून मी नमस्कार केला. माझ्याबरोबरच्या डॉक्टरसाहेबांना मात्र काहीच वाटलं नाही. ते ओसरीवरच्या कॉटवर टेकले आणि कंबर चोळत म्हणाले की चहा झाला तर बरं होईल.

आमचं पुस्तकी शिक्षण संपत आलं की आम्हाला काही महिने गावच्या सरकारी दवाखान्यांत पाठवतात, प्रत्यक्ष कामाचा हात बसावा म्हणून. माझ्या वाट्याला नारायणगावच्या आसपासचा एक दवाखाना आला. मी पुण्यात तिसऱ्या मजल्यावर वाढलेली, घरात कधी मांजरही नव्हतं. पहिल्या आठवड्यात मी एका गाईची लाथ खाल्ली, एका आजोबांचं ब्लडप्रेशर मोजलं, कारण शेळीचं तपासून झाल्यावर ते हात पुढे करून बसलेच, आणि 'लग्न झालंय का' या प्रश्नाला इतक्या वेळा उत्तर दिलं की शेवटी मी ते स्टेथोस्कोप कानात घालताना आपणहूनच सांगायला लागले. साहेब निवृत्तीला आलेले. त्यांना कंटाळा आला की ते केस माझ्यावर ढकलत आणि त्याला प्रशिक्षण म्हणत.

चहा आला. पिशवीच्या दुधाचा होता, हे पहिल्या घोटालाच कळलं. गोठ्यात दुभती म्हैस असलेल्या घरात नारायणगावातून पिशवी आणतात, हीच खरं तर सगळी केस होती. पण तेव्हा मला ते सुचलं नाही. म्हैस परवा संध्याकाळपासून थेंब देत नाही, पान्हा चोरते, एक इंजेक्शन मारा आणि मोकळं करा, एवढंच मालकांचं म्हणणं होतं. साडीचा खुलासाही त्यांनी अगदी सहज केला. एकाच माणसाच्या हाताची सवय लागलेलं जनावर दुसऱ्याला धार काढू देत नाही, म्हणून त्या माणसाचे कपडे घालून बसायचं. या भागात असं करतात आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. वाटत होतं ते मला एकटीला.

साहेबांनी इंजेक्शनला साफ नकार दिला. पान्ह्यासाठी असं औषध टोचायला बंदी आहे, आणि एकदा टोचलं की जनावर रोज तेच मागतं. मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, ही केस तुझी.

मी सगळं नियमाप्रमाणे केलं. ताप नाही, रवंथ चालू, डोळे स्वच्छ. कास तट्ट भरलेली, पण गरम नाही, दुखरी नाही. म्हैस ठणठणीत होती आणि माझ्याकडे तुच्छतेने बघत होती. दूध उतरण्याची क्रिया मी परीक्षेत आकृतीसह लिहिली होती. मेंदूपासून कासेपर्यंत बाण काढून मार्कही मिळवले होते. त्या आकृतीत म्हशीचं मत विचारात घेतलेलं नव्हतं. पण धोका खरा होता. दूध असंच तुंबून राहिलं तर कास दगडासारखी होते, कासेचा एखादा सड कायमचा जातो, नाहीतर म्हैस सरळ आटून जाते.

मग मी घरच्यांना विचारायचे प्रश्न काढले. चारा बदलला का? नाही. जागा बदलली का? नाही. रेडकू कुठं आहे? ते जन्मल्यावर लगेच दगावलं होतं. धार कोण काढतं?

"आमी," मालक म्हणाले.

कॉटवरून साहेबांनी विचारलं की आमी म्हणजे नक्की कोण. मालकांनी पदर सावरला. मग म्हणाले की मंडळी, म्हणजे बायको. मंडळी कुठं आहेत, तर माहेरी. कधी गेल्या, तर परवा.

बाकीची हकीकत त्यांच्याकडून चिमट्याने काढावी लागली. गावच्या डेअरीत वर्षभर सगळ्यात जास्त फॅट याच म्हशीच्या दुधाला लागली, म्हणून मालकांचा सत्कार झाला होता. शाल, नारळ, आणि नारायणगावच्या चौकात फ्लेक्स. तो येताना मीही पाहिला होता. गुलाबी फेटा, काळा गॉगल, खाली 'आदर्श दूध उत्पादक' आणि त्याखाली शुभेच्छुकांचे चेहरे ओळीने. तो फ्लेक्स बाईंनी परवा पहिल्यांदा पाहिला. त्यानंतर त्या घरी आल्या, पिशवी भरली आणि माहेरी निघून गेल्या. आणि आदर्श दूध उत्पादकांनी उभ्या जन्मात धार काढलेली नव्हती. ते किटली डेअरीत नेऊन घालत. मला इतकं हसू आलं की मी म्हशीच्या मागे जाऊन पुन्हा एकदा ताप मोजला.

हसू फार टिकलं नाही. शेजारच्या काकूंनी काल प्रयत्न केला होता आणि लाथ खाल्ली होती, तेव्हा मालकांचा निष्कर्ष असा की मी तरुण आहे, मला लाथ चुकवता येईल, तर साडी नेसून मीच धारेला बसावं. मी शास्त्रीय कारणं देऊन नकार दिला. साहेबांनी आठवण करून दिली की सवयीने उतरणारा पान्हा माझ्याच पुस्तकात आहे. पाच मिनिटांत मी जीन्स आणि गमबूटांवर बाईंची केशरी काठापदराची साडी नेसून गोठ्यात उभी होते. समोर जांभळ्या साडीत मालक. म्हशीने आळीपाळीने दोघांना हुंगलं, माझ्या पदरावर पाय ठेवला आणि शांतपणे लघवी केली. ओसरीवरून साहेब म्हणाले की मूत्राचा रंग चांगला आहे, बघून ठेव.

मला खरंच राग आला. साडीचा नाही, मालकांचा. बाई धार काढताना काही बोलतात का, असं मी विचारलं. बोलत असेल, म्हणाले. काय बोलतात? ते माहीत नव्हतं. काही म्हणतात का, गाणं, ओवी? तेही माहीत नव्हतं. इतक्या वर्षांच्या संसारात सकाळ-संध्याकाळ घरात जो आवाज होत होता, तो त्यांनी कधी ऐकलाच नव्हता. मग त्यांनी अंदाजाने सुरुवात केली. आधी गोंजारलं, मग एक आरती म्हटली, मग टीव्हीवरच्या हिंदी मालिकेचं गाणं म्हटलं. म्हशीने तोंड भिंतीकडे केलं.

फोन करून विचारा, मी म्हटलं. ते म्हणाले, मी फोन करणार न्हाई, तुमी म्हशीचं बघा. तेव्हा मी आवाज चढवला. या म्हशीला काहीही झालेलं नाही, जे झालंय ते तुमच्या घराला झालंय आणि त्यावर माझ्याकडे औषध नाही. फोन करा, नाहीतर एकेक सड जाताना बघत बसा. माझ्या वडिलांच्या वयाच्या माणसाशी मी असं कधीच बोलले नव्हते.  त्यांनी शर्टाच्या खिशातून फोन काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, तुमीच लावा.

बाईंचं माहेर जुन्नरच्या पश्चिमेला, डोंगराच्या कुशीत. तिथं धड रेंज फक्त देवळामागच्या कातळावर येते, असं ज्याने फोन उचलला त्या भावाने तुटक आवाजात सांगितलं. मग चालण्याचा आवाज, धाप, कुत्र्याचं भुंकणं, दोन-तीन बायकांची कुजबुज. शेवटी बाईंचा आवाज. मी कोण हे त्यांनी विचारलं नाही. तिनं खाल्लं का, हे विचारलं. मी सगळं सांगितलं, माझ्या अंगावर त्यांची केशरी साडी आहे हे सोडून. त्या म्हणाल्या की फोन तिच्या कानाशी धरा आणि कुणीतरी खाली बसा.

धार काढणं मी कॉलेजच्या गोठ्यात शिकले होते, मालकांना येत नव्हतं. म्हणून मी खाली बसले आणि मालक फोन धरून म्हशीच्या डोक्याशी उभे राहिले. स्पीकर चालू होता.

"बाय माझी," बाई म्हणाल्या, आणि म्हशीचे कान फिरले.

त्यानंतर जे सुरू झालं ते गाणंही नव्हतं आणि ओवीही नव्हती. ते मालकांचं गाऱ्हाणं होतं. एका लयीत, न रागावता, रोजचं असल्यासारखं. हे जेवले की ताट जागेवरच ठेवत्यात, बाय. ह्यांना कालवणात मीठ कमी लागलं की सगळ्या आळीला कळतं, बराबर पडलं की कुणालाच न्हाई. भावाच्या पोरीच्या बारशाला जाऊ दिलं न्हाई, म्हणले धार कोण काढंल. नवऱ्याला एकदाही एकेरी न बोलता त्यांनी त्याची सालटी काढली. आणि माझ्या मुठीत सड सैल झाले. पहिली धार बादलीच्या तळाला वाजली तेव्हा मला रडू येईल की काय असं वाटलं, एवढा आनंद झाला.

मग फ्लेक्स आला. सत्काराला न्या म्हटलं तर म्हणले तू कशाला, तिथं बायका नसत्यात. शर्टाला इस्त्री मीच केली. परवा जीप बराबर त्या बोर्डाखाली थांबली, शिटा भराय. जीपमधी शेजारी बसलेली बाई बोर्ड बघून म्हणली, मालक लई कष्टाळू दिसत्यात.

"मी म्हणलं, व्हय," बाई म्हशीला म्हणाल्या.

"अगं पण..." मालकांच्या तोंडून निघालं, आणि धार बंद. सड माझ्या हातात आवळले गेले.  ओसरीवरून साहेबांनी अगदी सौम्यपणे सांगितलं की गप उभं राहा, दूध चढतंय. मालकांनी ओठ मिटले. बाईंनी 'बाय माझी' म्हटलं, आणि पुन्हा पहिल्यापासून, ताटापासून सुरुवात केली. बादली भरेपर्यंत मालक ते सगळं ऐकत उभे होते. हात भरून आला तरी त्यांनी तो बदलला नाही, फोन हलला असता म्हणून.

कास रिकामी झाली. मी तसं मोठ्याने सांगितलं. झाली का, मग ठेवते, बाई म्हणाल्या.

"थांब," मालक म्हणाले.  "हे मला कदी का न्हाई सांगितलं?"

"सांगितलं की. लई येळा," बाई म्हणाल्या. "पण ती ऐकाय उभी ऱ्हाती."

 मी बादली उचलून उभी राहिले आणि कुठे बघावं ते मला कळेना. साहेबांनी बॅग बंद केली, मला खुणेने बाहेर बोलावलं. मी हात धुतले, साडी सोडून नीट घडी घातली आणि दांडीवर ठेवली.

मालक तिथंच, म्हशीच्या डोक्याशी होते. त्यांनी स्पीकर बंद केला आणि फोन स्वतःच्या कानाला लावला.

"मी उभा हाय," ते म्हणाले. "बोल तू."

पुढचं आम्हाला ऐकू आलं नाही. साहेबांना गाडी सुरू करायला वेळ लागत होता, तेवढ्यात मी मागे वळून पाहिलं. बाई बोलत होत्या हे मालकांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. दोन-तीनदा त्यांचं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.