अचानक तपासणीचा तक्ता

कारखान्यांच्या अचानक तपासणीचा वर्षभराचा तक्ता मी, तारखांसकट, त्याच कारखान्यांना टपालाने पाठवला. ऐंशीच्या दशकात प्रदूषण खात्यात नवा होतो. कुठल्याही कागदाखाली ‘प्रत माहितीसाठी’ लिहून सर्व संबंधितांना धाडायचं, एवढंच काय ते शिकलो होतो. बोनकोडे गावच्या एका म्हाताऱ्या मासेमाराने एका कारखान्याच्या सांडपाण्याने खाडीत मासे मरतात अशी तक्रार केली होती. ठरल्या तारखेला त्या कारखान्यावर गेलो, तर मॅनेजर गेटवर शहाळं घेऊन उभा. नाल्याचं पाणी इतकं नितळ की नमुना पास झाला आणि नियमाप्रमाणे तक्रार कायमची निकाली निघाली. तसं सांगायला गेलो, तेव्हा जाळं झटकत म्हातारा म्हणाला, “सायेब, तुमी आलाच नसता तं माजी तक्रार तरी जिती रायली असती.”