मोडलेली कड

या सदरातले अनुभव मी आजवर फक्त झोप लागावी म्हणून वाचले. वाचून झाले की दिवा मालवायचो आणि लागायचीही झोप. माझं सगळं आयुष्य एका कॉलेजच्या ग्रंथालयात गेलं. भुताखेतांची पुस्तकं कुठल्या कपाटात लावायची एवढाच त्या विषयाशी माझा संबंध. आता लिहितोय ते कुणी विश्वास ठेवावा म्हणून नाही. दुसऱ्या कुणाला सांगावं असं माणूस घरात उरलेलं नाही, म्हणून.

आम्ही सोलापूरचे. जुळे सोलापूर भागात तळमजल्यावर दोन खोल्यांचं घर. मी, माझी बायको महादेवी आणि एकुलता मुलगा मल्लिनाथ... मल्लू. महादेवीचं माहेर कर्नाटकच्या सीमेवरचं दुधनी, बोली कानडी, त्यामुळे मल्लू तिला अव्वा म्हणायचा आणि मला अप्पा.

महादेवीच्या माहेरची एक पद्धत होती. घरातलं माणूस लांब निघालं की शिदोरीला कडक भाकऱ्या द्यायच्या, आणि त्यातल्या एका भाकरीची कड मोडून घरी ठेवायची. पितळी डब्यात, स्वयंपाकघराच्या वरच्या फळीवर. माणूस परत आलं की पाणी प्यायच्या आधी तो तुकडा त्यानंच खायचा. दुसऱ्या कुणी खायचा नाही. खाल्ला तर जाणारा घरची वाट विसरतो, असं ती म्हणायची. मल्लू शाळेच्या सहलीला निघाला तरी तुकडा डब्यात पडायचा.

"उंदरानं खाल्ला तर गं अव्वा?" तो विचारायचा.

"उंदराला सांगून ठेवलंय. तू आपला येळेवर ये म्हंजे झालं."

मी हसायचो. दोघं मला हसू द्यायचे.

महादेवी कॅन्सरने गेली. पुढच्या वर्षी मल्लूला जर्मनीत एम.एस.ला प्रवेश मिळाला. मी बाजारातून कडक भाकऱ्यांची पाकिटं आणि शेंगाचटणी आणली. बॅग भरताना तो एकदा वरच्या फळीकडे बघून थांबला. डबा मी घासून पालथा घातला होता. मग त्यानं बॅगेची चेन ओढली. 

तिकडे त्याला करमत नव्हतं. फोनवर आवाज बारीक यायचा. जेवणाचं विचारलं की "चाललंय" म्हणायचा. मग हिवाळ्याच्या तोंडावर एकदा फोन आला, आवाज एकदम मोकळा.

"अप्पा, डबा मिळाला! चटणी अगदी अव्वासारखी हो. लसूण तेवढाच."

मी काही पाठवलं नव्हतं. वाटलं, दुधनीच्या मावशीनं पाठवलं असेल... म्हणजे महादेवीची धाकटी बहीण, कस्तुरी. तिचं श्रेय आपण कशाला घ्यायचं, आणि मला सुचलं नाही हे तरी कशाला सांगायचं? मी म्हणालो, "जपून खा."

त्यानंतर डबे येत राहिले. मल्लूचं वजन वाढलं. व्हिडिओवर गाल दिसायला लागले. घरचं खातोय तोवर पोरगं टिकेल, डिग्री घेऊन परत येईल, असं मला वाटायचं. मला तेवढंच हवं होतं. एकदा त्यानं कॅमेऱ्यासमोर भाकरी धरली.

"बघा, हिची कड मोडलेली आहे. अव्वा मोडायची तश्शी. तुकडा कुठंय, अप्पा?"

"असेल की डब्यात," मी म्हणालो. पोराला बरं वाटावं म्हणून. उठून बघायचं मनातही आलं नाही. बघण्यासारखं काय होतं तिथे?

फेब्रुवारीत बर्फावरून त्याची सायकल घसरली. मागून ट्रक येत होता.

त्याच्याबरोबर खोलीत राहणारा संकेत मूळचा बार्शीचा. तोच शवपेटीसोबत आला. त्याच संध्याकाळी आमच्या रिवाजाप्रमाणे मल्लूला मातीत ठेवलं, त्याच्या आईशेजारी. पेटी घरी आली तेव्हा मी त्याच्या तोंडात पाणी घातलं होतं. हे मुद्दाम सांगतोय. तेव्हा मला दुसरं काही माहीत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी बार्शीला जायच्या आधी संकेतनं मल्लूची बॅग उघडून दिली. कपड्यांखाली टॉवेलात बांधलेली एक भाकरी होती. कड मोडलेली.

"काका, ही त्यानं कुणाला हात लावू दिली नाही. म्हणायचा, घरी जाऊन तुकड्यासकट खाणार. आम्ही लई चिडवायचो त्याला." मग तो म्हणाला, "तुम्ही पाठवायचा ते डबे कुठल्या कुरिअरनं यायचे हो? त्यावर कधीच पत्ता नसायचा. सकाळी दार उघडलं की असाच टॉवेल बांधून ठेवलेला."

मातीला आलेली कस्तुरी अजून घरीच होती. मी तिच्याकडे बघितलं.

"माझ्याकडं काय बघताय दाजी? मी कुटं पाठवलंय? मला वाटलं, तुमीच बचत गटाकडनं घेऊन पाठवताय. मला त्या गावाचं नाव बी घेता येत न्हाय."

 मग मी फळीखाली स्टूल घेतलं.

डबा सुलटा होता. झाकण लावलेलं. खाली आणून उघडला तर आत भाकरीचा एक तुकडा. कडक भाकरी फुटते ती कौलासारखी, वेडीवाकडी. दोन तुकडे उगाच जुळत नाहीत. मी तो भाकरीला लावला. जुळला. मध्ये केसाएवढी फटही नव्हती.

कस्तुरी खाली बसली. "अक्कानं मोडलंय," ती म्हणाली. मग कुणाला तरी जाब विचारावा तशी वर फळीकडे बघून म्हणाली, "तिनं तिचं केलं की ओ. सगळं केलं. मग पोरगं असं का आलं?"

  घराची दुसरी किल्ली कुणाकडे नाही. संकेतनं परत गेल्यावर तिथल्या इमारतीतल्या सगळ्यांना विचारलं, मी इथल्या. चटणीचा रिकामा डबाही बॅगेत होता. तो साधा स्टीलचा आहे, कुठल्याही दुकानात मिळेल असा. आता मी विचारायचं बंद केलंय. उलगडा झाला तरी त्याचं मी काय करणार? तो आला होता. पेटीतून का होईना, या उंबऱ्याच्या आत आला होता. तुकडा पाच हातांवर होता, आणि मी त्याला पाणी पाजून पाठवून दिलं.

भाकरी आणि तुकडा आता दोन्ही त्याच डब्यात आहेत. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. कीड नाही, वास नाही. परवा कस्तुरी म्हणाली, "दाजी, आता तरी खाऊन टाका. अन्न हाय ते."

मी नाही म्हणालो. मी तर असलं काही कधी मानलं नाही. पण मी खाल्ला आणि तो वाट विसरला तर...