लेकराच्या दातातली दारं

लेकराचे पुढचे दात काळे पडाय लागले, तशी म्या साखर बंद केली. म्या शेतात खुरपताना लेकरू रडू नये म्हणून चिंधीत गूळ बांधून चोखायला द्यायचे. गूळ कुठं साखर हाय, असं वाटायचं. तरी दात किडतच चालले. लई भ्याले, तसंच लेकरू उचललं आन् जीप धरून उमरग्याला दाताच्या डॉक्टरीणबाईकडं गेले.

त्या म्हणाल्या, “अगं, गुळातबी साखरच असते. आणि तोंडातल्या जंतूंना साखर आपल्या अंगात घ्यायला एकच दार नसतं. एक बंद झालं तर दुसऱ्यानं घेतात.”

माझी भीती बाजूलाच राहिली. डोळ्याला न दिसणाऱ्या जिवाला इतकी दारं! म्या इचारलं, “मग ती बुजवायची कशी, बाई?”

“दारं नाही बुजत. दारापुढं गोड ठेवू नको. दाढा अजून वाचतील.”

घरी सासूबाई गुळाची पुरचुंडी बांधूनच बसल्या होत्या. म्या लेकराच्या दाढा बोटानं चाचपल्या, चांगल्या होत्या.

“आत्या, गूळ नगं. आत जंतू दारं उघडून बसल्यात.”

“मग म्याच खाते की,” सासूबाई म्हणल्या, “माझ्या तोंडात दातच न्हाईत, दारं कुठली!” आन् बोळक्या तोंडात गूळ टाकला.